सारजाची हाक

"बहिरा आहे का तो, आक्का?"

शर्वरीने दोनदा हाक मारली होती. दोन्ही वेळा पलीकडच्या काठावर होडीवाल्या भिवा तांडेलाने मान वर केली, इकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. ऐकू आलं नसतं तर समजण्यासारखं होतं. पण पाहून मान फिरवणं... कुठेतरी काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते कळत नव्हतं.

आक्कांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

सुमित्राआक्का म्हणजे एके काळच्या कीर्तनकार. हार्मोनियमवाला आला नाही तरी त्यांचं अडत नसे, आणि माईक बंद पडला तर त्यांना बरंच वाटे. आता आवाज धाग्याएवढा उरला होता. खाडीच्या काठी लहानशा मठात त्या राहत. शर्वरी कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडे येई. आजही सकाळपासून आली होती. एक प्रश्न घेऊन आली होती, आणि आक्कांनी तिला दिवसभर फणसाच्या आठळ्या सोलायला बसवलं होतं.

आता त्या तिला पोचवायला धक्क्यापर्यंत आल्या होत्या. ओहोटी लागली होती. पाणी आणखी उतरलं की मधे नुसता चिखल राहतो, मग होडी उद्यावर. आणि अलीकडच्या काठावर मोबाइलला रेंज नाही. कथास्पर्धेची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

"आक्का, आता तरी सांगा. पाठवू की नको?"

"काय?"

"कथा. सकाळी सांगितलं ना मी. प्रवेशशुल्क नाही, कुणीही पाठवा. माझी मैत्रीण म्हणते, जिथे फी नाही तिथे किंमत नाही. सगळे नेऊन ओततात, कोण वाचतं? मी एवढ्या ठिकाणी पाठवल्या. बक्षीस राहू द्या, 'मिळाली' एवढंही कुणी कळवत नाही. फी असती तर निदान वाचली तरी असती."

"कीर्तनाला तिकीट असतं का गं?"

"नाही."

"लोक मधून उठून जातात का?"

शर्वरीला खोटं बोलवेना. "जातात... कधीकधी."

"माझ्या कीर्तनातूनही गेलेत. तिकीट असतं तर बसले असते. पैसे वसूल व्हायला."

समोर पाणी आणखी थोडं मागे सरलं. काठाजवळचा एक काळा दगड मघाशी नव्हता, तो आता होता.

तिने पुन्हा दोन्ही हात तोंडाभोवती धरले. सकाळी पलीकडून ती इथे यायला निघाली तेव्हा सोबत मासळीवाली सारजा होती. सारजाने एकच हाक मारली आणि होडी आली. ती हाक शर्वरीने अगदी कानात जपून ठेवली होती. सुरुवातीचा हेल, मधला झोका, शेवटचं लांबवणं, सगळं.

"भिवादा होऽऽ, होडी आण रेऽऽ..."

भिवाने वर पाहिलं. त्याच्याशेजारी कुणी बाई बसली होती, तिनेही पाहिलं. मग दोघं हसल्यासारखी वाटली.

"आक्का, ती बाई कोण?"

"सारजा."

"...सारजा?"

"दुपारीच गेली पलीकडे. तू आठळ्या सोलत होतीस."

शर्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पलीकडे सारजा भिवाच्या शेजारी बसलेली, आणि सारजाची हाक अलीकडून येतेय. एकदा नव्हे, तीनदा.

"काठावरची पोरं तिची नक्कल करतात," आक्का म्हणाल्या. "भिवा आता त्यांच्यासाठी उठत नाही."

"मग तुम्ही मला आधीच का नाही..."

"छान जमलीये तुला. मलाही क्षणभर वाटलं, सारजाच."

ही शाबासकी की काय, शर्वरीला कळेना. तिने पिशवी छातीशी धरली. पिशवीत दोन कथा होत्या, कागदावर छापून आणलेल्या. स्पर्धेला एकच चालणार होती. खरा प्रश्न हाच होता, आणि सकाळपासून तो तिने विचारला नव्हता.

"माझ्याकडे दोन आहेत," ती म्हणाली. "एक अगदी स्पर्धेसाठीच लिहिलीय. मागच्या बक्षीसपात्र कथांची पुस्तकं आणून, बसून अभ्यास केला मी. म्हातारा असतो, आटलेली विहीर असते, मुलगा शहरात असतो."

"हा म्हातारा कोण?"

"कुणी नाही. कथेतला."

"मरतो?"

"शेवटी."

"सुटला बिचारा."

शर्वरीला हसू आलं, मग राग आला, मग भीती वाटली की आक्का खरंच बोलल्या असतील.

"आणि दुसरी?"

"दुसरीत काही घडत नाही हो. एक बाई असते. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारते. फलाट क्रमांक तीन, प्रवाशांनी लक्ष द्यावे, असं. सगळ्या तालुक्याला तिचा आवाज माहीत. पण घरी आली की बोलत नाही. घसा उद्यासाठी ठेवते. मुलीला जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवते... बस. एवढंच."

"मुलगी येते?"

"कुठे?"

"चमचा वाजवल्यावर."

"...येते. पहिल्याच ठोक्याला."

आक्का पाण्याकडे पाहत होत्या.

"कुणाची बाई ती?"

शर्वरीने खाली पाहिलं. होस्टेलवर मुली नाक दाबून स्टँडवरच्या बाईची नक्कल करायच्या. सगळ्यांत मोठ्याने ती हसायची. आपली आई काय करते हे तिने त्या तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. वडलांचं दुकान आहे, एवढंच सांगितलं होतं. दुकान होतंही.

"माझी आई."

आक्कांनी मान हलवली. नुसती, ऐकलं म्हणून.

"पण स्पर्धेत कथेवर नाव घालायचं नसतं, आक्का. कुठेही नाव दिसलं की कथा बाद."

"मग कुणाची ते कळायचं कसं?"

"वेगळ्या पानावर द्यायचं असतं. नाव, पत्ता, फोन."

"ते नाही विचारलं मी."

खेकडे बिळांतून बाहेर येऊ लागले होते. चिखल दोन्ही काठांनी आत सरकत होता. मधल्या पाण्याची पट्टी अजून होडीजोगी होती, पण आता बघता बघता ती अंग चोरणार होती.

आक्कांना उभं राहून गुडघे भरून आले असावेत. त्या पायरीशी वाकल्या, हाताने चाचपलं.

"ओली आहे," त्या म्हणाल्या. आणि शर्वरीपुढे हात केला. "एक दे बसायला."

"...काय?"

"गोष्ट. दोन आहेत ना?"

ती दचकली. चेष्टा असेल म्हणून तिने आक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा साधा होता. एका म्हातारीला बसायचं होतं आणि पायरी ओली होती, एवढंच.

"आक्का, ही... एवढे दिवस घालवलेत मी..."

हात तसाच पुढे राहिला.

शर्वरीने पिशवी उघडली. विचार करायचा म्हणून उघडली. पण हात आधीच आत गेला होता, आणि बाहेर आला तेव्हा त्यात म्हाताऱ्याची कथा होती. दुसरीच्या कडेलाही बोटं लागली नव्हती. तिला स्वतःचंच नवल वाटलं. बक्षिसाची ती. अभ्यासाची ती. आणि द्यायला क्षणही लागला नाही.

आक्कांनी कागद पायरीवर नीट पसरले, पदर सावरला आणि बसल्या.

"जाड आहे," त्या समाधानाने म्हणाल्या. "ओल नाही लागत."

पलीकडे भिवाने जाळं गुंडाळायला घेतलं. आता तो घरी जाणार.

ती धक्क्याच्या टोकाशी गेली. हात तोंडाशी नेले आणि खाली घेतले. तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. सारजाची हाक वापरायची नाही म्हटल्यावर तिच्याकडे हाकच उरली नव्हती...

मग घशातून एक फाटका आवाज आला. जवळचे बगळे उडाले, आणि त्यांच्या उडण्याने ती स्वतःच दचकली. तिने पुन्हा श्वास घेतला. या वेळी आवाज सरळ गेला. हेल नाही, झोका नाही. एकेक शब्द सुटा, प्रत्येकामागे थांबून, जसा आयुष्यभर फलाटावरून तिच्या कानावर पडला होता तसा.

"मी... शर्वरी घवाळी... स्टँडवरच्या घवाळीबाईंची मुलगी... मला पलीकडे यायचं आहे."

खाडीवर आवाज गेला, आणि शांत झालं.

भिवाचे हात थांबले. सारजा उठून उभी राहिली.

शर्वरीने पिशवी घट्ट धरली. आता हसतील, असं वाटलं. हसले तर हसू देत, असंही वाटलं, आणि हे दुसरं वाटणं तिला नवीन होतं.

"घवाळीबाईंची काय गो?" पाण्यावरून भिवाचा आवाज आला. दोर सुटल्याचा, वल्हं लाकडावर आपटल्याचा आवाज त्यामागोमाग आला. "थांब तिथंच. आणतो होडी."

शर्वरी वळली. डोळे भरले होते, ते तिने लपवले नाहीत.

"आक्का... ऐकलं त्यानं."

आक्का पायरीवरून उठल्या, लुगडं झटकलं.

"त्याला मघाशीही ऐकू येत होतं."