मेलेल्या सात मोटारी

नवमीच्या सकाळी बरोब्बर सव्वासातला, कुणाच्या चुलीवर दूध होतं, कुणाच्या तोंडात दातवण होतं, तेव्हा एका नगरात दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! ज्यांच्या दारी हौसेची जुनी मोटार आहे, त्यांनी तिच्यावर मालमत्तेचा कर भरावा. नाही भरला तर मोटार जप्त. बंद पडून मेलेली असेल, तर कर माफ!"

त्या नगराला जुन्या मोटारींचं भारी वेड. दसऱ्याला त्या सजवून सीमोल्लंघनाला न्यायच्या आणि सर्वांत पुढच्या मोटारीत देवीची पालखी ठेवायची. तो मान कायम नगरशेठचा.

दवंडी ऐकली मात्र, शेठनं आपल्या सातही मोटारींत कोंबड्या सोडल्या. कराचा कारकून आला तसा शेठ हात जोडून म्हणाला, "मेल्या हो बिचाऱ्या! आता नुसती खुराडी." त्याचं बघून सगळ्यांनीच तसं केलं. कुणी कडबा भरला, कुणी गोवऱ्या रचल्या.

राहिली एक लेकुरवाळी. तिची सासऱ्यांच्या हातची एकच लाल मोटार. कर भरायचा तर शेळी विकायची, आणि शेळी विकली तर पोरीला दूध कुठलं?

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अगं, सांग मेली म्हणून! जिभेला काय हाड असतं?"

"आत्ताच तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. पूजलेल्या वस्तूला मेली कसं म्हणू? आणि ही कडेवरची ऐकतेय ना सगळं."

कारकून दारात आला. "चालते का मोटार?"

"चालते. दसरा झाला की शेळी विकून कर भरते."

शेजारणीनं कपाळावर हात मारला.

दसऱ्याला पालखी देवळाबाहेर आली. पुजारी इकडे बघतो, तिकडे बघतो, एक मोटार नाही! काढणार कोण? काढली तर चालते हे कळणार. इतक्यात फुरफुर करत लाल मोटार आली, जी दरवर्षी मिरवणुकीच्या शेपटाला असायची. पालखी तिच्यात चढली. "उदो गं अंबे उदो!" सारं नगर दुमदुमलं.

शेठला ते बघवेना. "माझा मान!" ओरडत त्यानं घरी जाऊन मोटार सुरू केली आणि मारली धूम. खिडक्यांतून कोंबड्या उडताहेत, पिसं उडताहेत, शेठच्या पगडीवर अंडं फुटलंय! लोक हसून हसून रस्त्यात बसले.

समोर कारकून. "वा शेठ, मेलेली उठली की! बाकीच्या सहाही उठल्या असतील. काढा दुप्पट कर."

मग तो लेकुरवाळीला म्हणाला, "ताई, शेळी राहू द्या. देवीला वाहून नेणाऱ्या मोटारीला आपल्या राज्यात कर नसतो."

"काय?" शेठ किंचाळला. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमची मेली होती ना!"

लेकुरवाळीनं पोरीला मांडीवर घेतलं, भोंगा वाजवला, आणि देवीला घेऊन ती वेशीपार गेली. मागून सगळं नगर, पायी.

यातून घ्यायचं ते एवढंच: कर चुकवायला जित्या वस्तूला मेली म्हणाल, तर तिचं सुखही तुमच्यापुरतं मेलं.

बायांनो, आपल्या पोरांना हे सांगा, आणि शेजारणीच्या कानावरही जरूर घाला.