साठ वहाणा

एकदा एका वृद्ध वैद्यांचा एक शिष्य फार घाईत होता. वैद्य औषधी मुळ्या आणायला डोंगरात गेले होते आणि त्यांच्या मागे वाडीत आजार शिरला होता. देवीच्या उत्सवात दुपारी साठ माणसे पंगतीला बसली होती. दिवस मावळेपर्यंत त्यांतली पंधरा ओकाऱ्यांनी आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य त्या पंधराही जणांच्या घरी गेला. प्रत्येकाला त्याने लाह्यांचे पाणी पाजले, नाडी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, पंगतीत ताक घेतले होते का? बारा जण हो म्हणाले. शिष्याला बारा हा आकडा पुरेसा वाटला. तो तडक चावडीवर आला आणि दोष ताकाचा आहे, असे सांगून मोकळा झाला.

ताक कोंडाबाईचे होते. दोन म्हशी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी घाटाखालून या वाडीत आली होती. तिला इथे कोणी नात्याचे नव्हते. पंचांना विचार करायला फार वेळ लागला नाही. सूर्यास्तापूर्वी तिने म्हशींसह वाडी सोडावी, असे ठरले. तिच्या म्हशीसुद्धा माणसांकडे तिरक्या नजरेने बघतात, असे कोणीतरी म्हणाले आणि चार जण हसले.

वैद्य तिसऱ्या प्रहरी परतले. शिष्याने वेशीवरच त्यांना गाठून सगळे एका दमात सांगितले. वैद्यांनी इतकेच विचारले, "जे बरे आहेत, त्यांना विचारलंस?"

शिष्य गोंधळला. ज्यांना काही झालेच नाही त्यांना काय विचारायचे, हे त्याला कळेना.

वैद्यांनी पाय धुतले आणि वाडीत निरोप पाठवला, पंगतीला बसलेल्या प्रत्येकाची एकेक वहाण चावडीसमोर आणावी. जे अंथरुणावर आहेत त्यांची वहाण घरच्यांनी आणावी.

निरोप घरोघरी गेला तसा त्याचा अर्थही घरोघरी लावला गेला. कोंडाबाईच्या गळ्यात वहाणांचा हार पडणार, असे वाडीला वाटले. वैद्यांचे सांगणे इतक्या तत्परतेने यापूर्वी कधी ऐकले गेले नव्हते. एक पुरे असे सांगूनही एकाने जोडच आणला. चावडीच्या खांबाला टेकून बसलेली कोंडाबाई तो ढीग वाढताना पाहत होती. शेवटी तिने डोक्यावर पदर ओढला.

"हार घालायचा तर लवकर घाला," ती म्हणाली. "उन्हं उतरायच्या आत म्हशी घाट उतरल्या पाहिजेत."

वैद्यांनी बैलांचे दोन कासरे मागवले. एका कासऱ्याचे त्यांनी जमिनीवर गोल रिंगण केले. दुसऱ्याचे रिंगण अशा बेताने टाकले, की ते पहिल्यावर थोडे चढले आणि मधला बदामाएवढ्या आकाराचा नव्हे, पण बदामासारखा दिसणारा एक तुकडा दोन्ही रिंगणांच्या आत आला. पहिले रिंगण आजारी पडलेल्यांचे, दुसरे ताक घेतलेल्यांचे, असे त्यांनी सांगितले. ज्याने ताक घेतले आणि जो आजारीही पडला, त्याची वहाण मधल्या तुकड्यात. ज्याच्या बाबतीत दोन्ही खरे नाही, त्याची दोन्ही रिंगणांच्या बाहेर.

"वहाणा मांडून रोग कळतो होय, वैद्यबुवा?" एका पंचाने विचारले. वैद्यांनी आपल्या पायातली वहाण सरळ केली आणि वाट पाहत उभे राहिले.

आधी आजाऱ्यांच्या घरचे पुढे झाले. पाहता पाहता मधल्या तुकड्यात बारा वहाणा जमल्या. बघा, बघा, अशी कुजबुज झाली. शिष्य बोलायला उठला, तेव्हा वैद्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले.

"ढीग अजून संपला नाही," ते म्हणाले.

मग बाकीच्यांची पाळी आली. चैत्राचे दिवस होते. ताक कोणी सोडले होते? ताकाच्या रिंगणात, आजाराच्या बाहेर, वहाणा पडतच राहिल्या. शिष्याची चुळबुळ वाढली. तो मनात मोजत होता, चुकत होता, पुन्हा मोजत होता. तिथे छत्तीस झाल्या. आजाराच्या रिंगणात ताकाशिवायच्या तीन होत्या. दोन्हींच्या बाहेर नऊ.

शिष्य मोजता मोजता थांबला. ताक घेतलेले अठ्ठेचाळीस, त्यांतले बारा आजारी. ताक न घेतलेले बारा, त्यांतले तीन आजारी. घेतले तरी चारांतला एक, न घेतले तरी चारांतला एक. त्याचा चेहरा उतरला.

वैद्य हळू आवाजात म्हणाले, "तुझा बारा हा आकडा खोटा नव्हता. पण तू फक्त हा मधला तुकडा पाहिलास. दोन रिंगणं टाकली की जागा चार होतात. ज्यात दोन्ही आहे ती एक, ज्यात एकेकच आहे अशा दोन, आणि ज्यात काहीच नाही ती चौथी. तीन जागा न पाहता जो एका जागेवरून निवाडा करतो, तो डोळे उघडे ठेवून आंधळा असतो. आणि त्याच्या आंधळेपणाची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं."

शिष्याने कोंडाबाईकडे पाहिले नाही. त्याला पाहवले नाही. तो उठून त्या तीन वहाणांपाशी गेला आणि ही माणसे काय जेवली, हे त्यांच्या घरच्यांना विचारू लागला. एक म्हातारी म्हणाली, तिच्या सुनेने ताकाऐवजी पन्हे घेतले होते. शिष्याने तिसरा कासरा मागितला. या वेळी त्याने सर्वांना विचारले, बऱ्यांनाही. पन्हे घेतलेल्यांच्या वहाणा नव्या रिंगणात आल्या, तेव्हा त्या सतरा भरल्या आणि आजाऱ्यांच्या रिंगणात एकही उरली नाही. बरे असलेल्या दोघांनी आंबट लागले म्हणून घोटभरच घेतले होते.

"यालाही अजून दोष म्हणू नकोस," वैद्य म्हणाले. "भांडं बघून ये."

पन्हे देवीच्या तांब्याच्या हंड्यात केले होते. आतली कल्हई कधीच उडाली होती आणि आंबटाने तांबे हिरवट झाले होते. कल्हईवाला दरवर्षी येत असे. हंडा सगळ्यांचा, म्हणून दरवर्षी प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले होते.

लोकांनी आपापल्या वहाणा उचलल्या. पंचांनी कोंडाबाईला राहायला सांगितले, तेही दुसरीकडे पाहत.

शिष्य तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. क्षमा करा, असे काहीतरी पुटपुटला.

"क्षमेचं मी काय करू, बाबा?" कोंडाबाई म्हणाली. "पंधरा घरांत माझं नाव घेऊन गेलास. तेवढ्या घरांतून ते परत आण."

शिष्य पहिल्या घरी गेला. घरधन्याने दारातच विचारले, सकाळी एक सांगितलेस, आता दुसरे सांगतोस, खरे कसे मानायचे? शिष्य अंगणात उकिडवा बसला आणि बोटाने मातीत दोन रिंगणे काढू लागला. घरातली दोन मुले येऊन वाकून पाहू लागली. त्याने एकेक जागा समजावली. धाकटीने रिंगणांच्या बाहेरच्या मातीवर बोट ठेवले.

"आणि इथं कोण?"

"इथंही माणसं असतात," शिष्य म्हणाला. "मी त्यांना विचारलं नव्हतं."

घरधनी दारातून बाजूला झाला. शिष्याने हातांची माती झटकली. अजून चौदा घरे बाकी होती.