वाकडी वेणी

एका राज्यात वीरभान नावाचा राजा होता. हात मोठा, मन मोठं, आणि ताठा त्याहून मोठा. सकाळी गाई वाटी, दुपारी धान्य वाटी, पण स्वतः कुणाचं काही घेईना. कुणी प्रेमानं पेरू आणला तरी म्हणे, "राजाचा हात नेहमी वर असतो, बाबा."

त्याची लेक केतकी सात वर्षांची झाली, त्या दिवशी रानातली मांत्रिकीण गोधडी घेऊन आली. घरोघरचं एकेक ठिगळ मागून शिवलेली. "पांघरव पोरीला. साऱ्या गावाची ऊब आहे."

राजानं तिच्या पदरात मोहरा टाकल्या आणि गोधडी परत केली. "बाई, राजा देतो, घेत नाही."

"घेत नाहीस? मग ही लेक तरी कुणाकडून घेतलीस रे?" एवढं बोलून ती निघून गेली. अंगणात लंगडी घालत होती केतकी, एक पाय वर तशीच दगड झाली.

आता राजानं काय करावं? वैद्य झाले, वैदू झाले. तिसऱ्या दिवशी दगडाच्या खांद्यावर साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "राजा, तीन दारी जा. देवाकडून घे, बाजारातून घे, वैऱ्याकडून घे. घेतलंस की प्रत्येकाला विचार, तुला काय हवं?"

राजा देवळात गेला. सवयीनं सोन्याचा मुकुट पुढे ठेवला. आतून देव म्हणाला, "असले अकरा आहेत, मान अवघडली माझी. ओंजळ कर."

राजानं जन्मात पहिल्यांदा ओंजळ केली. तीत चार फुटाणे पडले. ते खाऊन त्यानं विचारलं, "देवा, तुला काय हवं?"

"येत जा रे. कुणी यायचं नाही, तर मी देव कुणाचा?"

तिकडे केतकीचे पाय ऊन झाले.

मग राजा बाजारात गेला. भागूबाई तांदूळ विकत होती. "बाई, पायलीभर तांदूळ उसने दे. जवळ काही नाही."

"राजा असून उसने? आणि बुडवलेस तर?"

"शब्द देतो."

भागूबाईनं पायली शिगोशीग भरली. राजानं विचारलं, "तुला काय हवं, बाई?" "सुगीला तांदूळ आण. आणि माझी अडचण असेल तेव्हा मलाही असंच शब्दावर दे. तोंड फिरवू नकोस."

तिकडे केतकीचे हात ऊन झाले.

नदीपलीकडे वैरी भुजंगराज. राजा एकटाच, तलवारीवाचून त्याच्या दारी उभा राहिला. "दादा, तुझ्या घरचं चिमूटभर मीठ दे."

"वैऱ्याला दादा म्हणतोस? ऊन लागलं काय?" भुजंगराज हसला, पण मीठ त्यानं स्वतःच्या हातानं दिलं. राजानं जिभेवर ठेवलं. "तुला काय हवं?"

"तू बांध घातलास, माझी शेतं वाळली. एका दिवसाआड पाणी सोड."

"सोडतो. तुझ्या घाटातून माझे बैल जाऊ देशील?"

"मीठ खाल्लंस ना? मग विचारतोस काय!"

तिकडे केतकीचे डोळे उघडले. राजा धावत घरी आला. बघतो तर पोर टुकुटुकु बघते, पण ओठ दगडाचे. हाक नाही, हसू नाही. राजा पायरीवर मटकन बसला.

राणी चंपावती आली. तिच्याकडे न बघताच राजा म्हणाला, "मला भीती वाटते गं. जरा जवळ बस."

राणी बसली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, डोळे पदरानं पुसले. "बारा वर्षं झाली लग्नाला. दागिने दिलेत, गावं दिलीत. मागितलंत मात्र आज."

राजा हळूच म्हणाला, "तुला काय हवं?"

"वेणी घाला माझी. दासीच्या हातची नको."

राजानं हत्ती आवरले होते, तीन पेड काही आवरेनात. एक सुटला, दुसरा गुंतला, तिसरा अंगठ्यात अडकला. राणी म्हणते, "ओढू नका हो, केस आहेत ते, लगाम नव्हे!"

"बाबा," मागून खुदकन आवाज आला, "किती वाकडी!"

वर धरलेला पाय खाली टेकवून केतकी पोट धरून हसत होती.

त्या राज्यात मग देवाला माणसं आली, माणसांना शेजार आला, नदी दोन्ही काठांची झाली. त्यांच्या घरी हाकेला ओ मिळाली, तशी ती तुमच्याही घरी मिळो.