केवडीच्या पाण्याचा फेटा

ही हकीकत मी सांगायची नसते. तो मान हौसाआत्यांचा. मला त्यांनी तुम्हाला घाटापर्यंत आणायला तेवढं सांगितलं होतं. पण तुम्ही टेकडीखालच्या तीन कुंडांबद्दल विचारलंत, आणि आत्या अजून आल्या नाहीत, म्हणून सांगते.

हा केवडी ओढा. आता दोन्ही काठांवर इमारती इतक्या जवळ आल्या आहेत की पाण्यावर दुपारी तासभरच ऊन पडतं. पूर्वी वर टेकडीशी रंगारी राहत आणि खाली इथे आम्ही परीट. रंगाऱ्यांचं काम वाढलं तसं ओढ्याला निळं-तांबडं पाणी येऊ लागलं, असं सांगतात. धुतलेला कपडा डागाळायचा. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने परटांनी ते कुणालाच कळू दिलं नाही. लांबच्या विहिरीवर धुणं धुवायचे आणि ओढ्यावर धुतलं म्हणून सांगायचे. पुढे ती विहीर आटली. वाडी उठायची वेळ आली.

त्याच आठवड्यात रंगाऱ्यांचे पुढारी धोंडोबा यांचा पांढरा फेटा धुवायला आला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. सगुणा नावाच्या परटिणीने तो हातात घेतला आणि नवस केला म्हणे, की फेटा केवडीतच धुईन, आणि तो पांढरा निघेपर्यंत चुलीवरचं अन्न खाणार नाही.

सासरे घाबरले. आपली अब्रू जाईल म्हणाले.

"आपली कशी जाईल, मामंजी? पाणी त्यांनी पाठवलंय."

फेटा वाळलेल्या खपलीच्या रंगाचा निघाला. तिने त्याला नेहमीसारखी खळ दिली, घडी घातली आणि भर मांडवात नेऊन दिला. व्याही बघत होते. परटिणीला दिसत नाही वाटतं, असं कुणी म्हणालं. धोंडोबांनी दुसरा फेटा मागवला. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई उठली. जन्मभर रंग कालवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तिने फेट्यातला एकेक रंग ओळखला.

"बांध, धोंडू," ती म्हणाली. "आपलाच आहे."

धोंडोबांनी तोच फेटा बांधून कन्यादान केलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच बांधून कुदळ हातात घेतली. रंगाचं पाणी निवळावं म्हणून ती तीन कुंडं खोदली गेली. वर्षभर सगुणा फळांवर आणि भिजवलेल्या हरभऱ्यांवर राहिली म्हणे. मग नवा फेटा धुतला. तो पांढराशुभ्र निघाला आणि त्याला केवड्याचा वास येत होता. त्या दिवशी घाटावरच चूल पेटली. पहिला घास धोंडोबांनी सगुणेला दिला.

आजही वरच्या वस्तीतून दरवर्षी एक पांढरा फेटा खाली येतो. आम्ही तो केवडीतच धुतो, आणि जसा निघेल तसा तिथल्या प्रमुखांना दिवसभर बांधावा लागतो. पांढरा निघाला तरच घाटावर चूल पेटते. आता वर रंगारी नाहीत, गॅरेजं आहेत. गेली सहा वर्षं फेटा करडा निघाला. लग्नाला जा, नाहीतर बँकेत जा, प्रमुखांच्या डोक्यावर तोच. बायको शेजारी चालायची नाही. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी स्वतः उभं राहून कुंडांतला गाळ उपसून घेतला आणि गॅरेजवाल्यांना तेल पिंपात साठवायला लावलं.

यंदाचा फेटा पहिल्यांदाच माझ्या हाती दिला होता. सकाळी धुतला. पिळताना मी डोळे मिटून घेतले होते, मग झटकला आणि उजेडात धरला. पांढरा. कडेपर्यंत पांढरा. आत्या लगेच लाकडं आणायला गेल्या. आज सात वर्षांनी चूल पेटणार, आणि पहिला घास धुणारीचा असतो, म्हणजे प्रमुख सगळ्यांसमोर मला—

आले, आत्या.