पाहुण्याच्या हातचं मीठ

तळ्याच्या या अंगाला बघा, तांदुळजा कसा माजलाय. कुणी पेरला नाही, कुणी राखला नाही, तरी पायवाट झाकून टाकतो. आणि त्याच्या मधोमध ती बोडकी, पांढरट जागा, एक ताट पालथं पडावं एवढीच. तिथं गवताची काडी उगवत नाही. गुरं मात्र येता-जाता ती जागा चाटून जातात. शहाणी माणसं म्हणतात, जमीनच तशी असेल. असेल बापडी! आमच्या तांबडमाळात मात्र याचं कारण वेगळं सांगतात, आणि ते ऐकवल्याशिवाय पाहुण्याला जेवायला बसवत नाहीत. तेव्हा भूक लागली असली तरी जरा दम धरा.

फार मागची गोष्ट. तेव्हा या तळ्याला नाव नव्हतं. वरच्या आळीला येसबा नावाचा म्हातारा, त्याची बायको गोजराबाई, मुलगा हिरोजी आणि सून ठकू असं घर होतं. हिरोजी बैल घेऊन घाट उतरायचा, खाली धान्य द्यायचा आणि मीठ घेऊन वर यायचा. गोजराबाईच्या हातची पालेभाजी म्हणे अशी असायची, की येसबा भाकरीआधी भाजीच संपवायचा आणि मग नुसत्या भाकरीकडे बघत बसायचा. ती काही न विचारता पुन्हा वाढायची. दोघांचं बोलणं काय ते एवढंच, पण त्यात त्यांचा सगळा संसार झाला.

एका वर्षी गौरी उठल्या आणि पाठोपाठ गोजराबाई तापानं गेली. जाताना तिनं सुनेचा हात धरला. "ठके, म्हाताऱ्याला उपाशी ठिवू नगंस," एवढंच म्हणाली. ठकूनं मान हलवून शब्द दिला. हिरोजी तेव्हा घाटाखाली होता, त्याला कळवणार कोण?

येसबा रडला नाही. दिवस दिवस तो इथं तळ्याकाठी येऊन बसू लागला. घरी आला तरी उंबऱ्यापाशी अंग चोरून बसायचा, आपल्याच घरात पाहुणा असल्यासारखा. ठकूनं पुढं ठेवलेली भाकरी कुत्र्याला जायची, दूध मांजराला. म्हाताऱ्याच्या अंगातली बंडी ढगळ दिसायला लागली. ठकूला आई नव्हती. वेणीफणीपासून सगळं तिला गोजराबाईनंच शिकवलं होतं, आणि तिला दिलेला शब्द आपल्या हातून मोडतोय, या विचारानं पोरीचा जीव कासावीस व्हायचा. सासूनं शिकवली नव्हती ती एकच गोष्ट, पालेभाजी. ती गोजराबाई स्वतःच करायची.

शेवटी ठकूनं तीच करायची ठरवलं. तळ्यावरचा कोवळा तांदुळजा खुडून आणला, तेलात लसूण चुरचुरवला, मिरची मोडून टाकली आणि वर पाला घातला. पाला कढईच्या काठावर डोंगरासारखा उभा राहिला. त्या डोंगराकडे बघून ठकूनं मूठभर मीठ घातलं. नवखा हात चुकतो तो इथंच. पाला आळून कढईच्या बुडाला बसला, मीठ मात्र होतं तेवढंच राहिलं. तिनं चाखून पाहिलं नाही. म्हाताऱ्याच्या आधी भाजी उष्टी कशी करायची?

ताट झाकून ती तळ्यावर घेऊन गेली. वासासरशी येसबानं मान वर केली. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याचा हात आपण होऊन ताटाकडे गेला. घास तोंडात गेला, तसा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. रागापेक्षा त्याला दुःखच झालं असावं, पण त्यानं ताट भिरकावलं. ते पालथं पडलं ते इथं, या जागी. "पुन्यांदा माझ्याम्होरं ताट आणू नगं," म्हणून त्यानं पाण्याकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठकू तळ्यावर आली. धुकं इतकं उंच चढलं होतं, की समोरची टेकडी जणू नव्हतीच. त्या धुक्यात म्हणे तिला गोजराबाई दिसली. पाण्याच्या कडेला उकिडवी बसून ती पाला निवडत होती. देठ पाण्यात टाकत होती आणि पाण्यावर तरंग उठत नव्हता.

"आत्याबाई, मीठ किती घालू?" ठकूनं विचारलं.

गोजराबाईनं वर पाहिलं नाही. नुसता हात आडवा धरला, थांब म्हटल्यासारखा. ठकू थांबली. ऊन आलं. धुकं हळूहळू खाली बसत गेलं, टेकडी निघाली, झाडं निघाली, आणि एवढ्या मोठ्या धुक्यातलं तळ्यावर शेवटी ओंजळभर उरलं. तेही विरलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. काठावर निवडलेल्या तांदुळजाची जुडी तेवढी होती. ती आपणच ठेवली होती की काय, हे ठकूला जन्मभर सांगता आलं नाही.

आधी आळू द्यायचं, मग मीठ, हे तिला उमगलं. पण किती? ते ठाऊक असलेलं एकच माणूस मागं राहिलं होतं. आता पंचाईत अशी, की त्या काळी सून सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायची नाही आणि सासरा सुनेच्या चुलीपाशी फिरकायचा नाही. आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली असती. घालू देत, म्हणाली ठकू.

येसबा उंबऱ्याशी येऊन टेकला, तेव्हा भाजी आळत आली होती. ठकूनं पदर सावरला आणि दारात आली.

"मामंजी, आत या. भाजीत मीठ घालायचंय."

"मला काय ठावं त्यातलं?"

"मलाबी ठावं न्हाई. पर तुमी जन्मभर ती भाजी खाल्लीया. आत्याबाईंचा अंदाज आता तुमच्याजवळच हाय."

म्हातारा भिंतीला धरून उठला आणि आत आला. मिठाच्या मडक्यात त्यानं आयुष्यात हात घातला नव्हता. थोडं घेतलं, त्यातलं थोडं परत टाकलं, आणि चिमूट कढईवर धरली. करंगळी आपसूक बाजूला झाली होती. ठकू बघतच राहिली.

"आत्याबाई अशीच धरायच्या," ती म्हणाली.

तेव्हा येसबाला रडू फुटलं. कढईवर वाकून तो लहान पोरासारखा रडला आणि रडता रडता मीठ सोडलं. मग तिथंच चुलीपाशी मांडी घातली. भाकरीआधी भाजी संपवली आणि नुसत्या भाकरीकडे बघत बसला. ठकूनं काही न विचारता पुन्हा वाढली.

हिरोजी मिठाचे बैल घेऊन परतला, तेव्हा त्याचा बाप चुलीपाशी बसून सुनेला दटावत होता म्हणे, "घाई नगं, आळू दे आधी!"

तेव्हापासून हे ठकूचं तळं. आजही तांबडमाळात रांधणारी बाई पालेभाजीत मीठ घालत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चुलीपाशी बोलावतात आणि त्याच्या हातानं घालतात. कधी खारट होते, कधी अळणी, पण कुणी तोंड वाकडं करत नाही. पाहुणा नसला, तर घरात जो कुणी गप्प गप्प झाला असेल त्याला हाक मारतात.

चला, घरून बोलावणं आलंय. भाजी आळलेली दिसते. मिठाचं मडकं चुलीच्या डाव्या हाताला आहे.