विहिरीतल्या मावशीची ओंजळ

“दिसायला बरी आहे हो, पण तोंडात जीभ आहे की नाही कोण जाणे!” थोरल्या जाऊबाई राणीसाहेबांच्या कानाशी लागून म्हणाल्या. आणि ज्या धाकट्या सुनेबद्दल म्हणाल्या, ती विड्याचं तबक घेऊन दाराआडच उभी होती. तिनं ऐकलं, तबक आत नेऊन ठेवलं आणि गुपचूप परत आली. सगुणा तिचं नाव. आज तिच्यापासूनच सुरू करू या, राजा मागाहून येईल. पांघरूण नीट घ्या बघू.

तर राजा होता उघड्या माळावरचा. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहायचा नि निघून जायचा. पण राजाला हौस फार. त्यानं सातासमुद्रापलीकडून गवत आणलं, मऊ, हिरवंगार, आणि राजवाड्याभोवती अंथरलं. त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, नुसतं बघायचं. आणि गवत काय करायचं? प्यायचं. सकाळी प्यायचं, दुपारी प्यायचं, दिवे लागले तरी प्यायचं. विहीर एकच. तिच्यावर दिवसभर मोट चालायची.

पाणी खाली गेलं की राणीसाहेब वाजतगाजत जाऊन विहिरीची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ओटी भरून झाली की मोट पुन्हा सुरू. देवीला नमस्कार आणि बैलांना चाबूक, एकाच दमात.

नव्या सुनेनंही ओटी भरायची रीत होती. सगुणा पायऱ्या उतरून खाली गेली. बाकीच्या वर सावलीत थांबल्या. भर दुपार होती. पाण्यात गळ्यापर्यंत बुडून एक बाई बसली होती. केस शेवाळासारखे हिरवे. ती होती आसरा. विहिरीत राहते ना, ती पाण्याची देवता. घाबरायचं नाही, बरं का. सगुणाही घाबरली नाही.

“आणखी एक खण!” आसरा म्हणाली. “अगं, मला काय दुकान काढायचंय? नाव काय तुझं, पोरी?”

त्या घरात कुणाशी न बोललेली सगुणा तिथं बोलली. नाव सांगितलं, माहेर सांगितलं, आईची आठवण येते तेही सांगितलं. तिला मावशी म्हणाली. मग रोज दुपारी, जेवून सगळे लवंडले की, सगुणा खाली जाऊन बसायची. नवरा? तो शिकारीला गेला होता. गोष्टीतले राजपुत्र नेहमी शिकारीलाच गेलेले असतात.

मग काय झालं, पाणी मावशीच्या कमरेशी आलं. मग गुडघ्याशी आलं. मग घोट्याशी. पाणी उतरेल तशी मावशीही वाळत चालली.

“पूर्वी वर तरवड होता,” ती सांगायची. “करवंदीच्या जाळ्या होत्या, निर्गुडी होती. त्यांची मुळं खोल यायची, माझ्या भिंतीपर्यंत. पाऊस त्यांचं बोट धरून माझ्याकडे उतरायचा. या गवताची मुळं वीतभरसुद्धा नाहीत गं. पाऊस येतो आणि वरच्या वर ओढ्याला पळतो. मी मात्र रोज मोटेतून वर जाते.”

“मी लावते झाडं,” सगुणा म्हणाली.

तिनं माळावरून रोपं आणली. पहिल्यांदा लावली फाटकाशी. जाऊबाईंनी उपटली. “दारात तरवड? पाहुणे म्हणतील, राजाचं दिवाळं निघालं!” दुसऱ्यांदा लावली सज्जाखाली. माळ्यांनी तण म्हणून खुरपून टाकली. मग सगुणा राजाला सांगायला गेली. “मामंजी,” एवढंच म्हणाली. तेवढ्यात राणीसाहेब म्हणाल्या, “अगं, त्यांना कोशिंबीर वाढ.” तिनं कोशिंबीर वाढली.

तिसऱ्यांदा लावली विहिरीच्या मागे, दगडधोंड्यांत. तिकडे कुणी बघत नव्हतं. पण रोप कितीही काटक असलं तरी लहानपणी त्याला घोटभर पाणी लागतंच, तुम्हाला लागतं तसं. मोठं झालं की मग ते मागत नाही. आणि पाणी होतं कुठं? सगळं गवताला गेलेलं. तळाशी, मावशीच्या पायांखाली, ओंजळभर उरलं होतं.

मावशीनं ती ओंजळ भरली आणि पुढे धरली. “घे.”

“मग तू?”

“माझं राहू दे. मुळं तर येतील ना खाली. घे लवकर, मोट यायच्या आत.”

सगुणानं तांब्या पुढे केला. तिनं रोपांना थेंब थेंब पाणी घातलं आणि धावत परत खाली आली. पायरीवर नुसतं शेवाळ होतं. वाळलेलं.

गवत त्याच आठवड्यात पिवळं पडलं. राजा रडला. गवतासाठी, बरं का.

मग पाऊस आला, गेला, पुन्हा आला. विहिरीमागचा तरवड पिवळाधमक फुलला, करवंदीनं जाळी धरली. पाऊस मुळांचं बोट धरून खाली उतरला. विहिरीला पाणी आलं. सगुणा पायऱ्या उतरली. “मावशी!” तिनं हाक मारली. तिचीच हाक भिंतींवर आपटून परत आली. मग रोज दुपारी ती जायची. पाणी चढत गेलं, स्वच्छ, गार. त्यात तिला फक्त स्वतःचा चेहरा दिसायचा.

राजा खूश झाला. आणि त्यानं काय केलं असेल? पुन्हा गवत मागवलं! गाड्या फाटकाशी आल्या, बैल मोटेला जुंपले, राणीसाहेब खण-नारळ घेऊन निघाल्या. तेव्हा सगुणा विहिरीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. आणि सगळ्यांसमोर बोलली.

ते ऐकून राजानं मान खाली घातली. गाड्या आल्या तशा परत गेल्या. बैल सुटले. राजवाड्याभोवती तरवड आला, निर्गुडी आली, पोराबाळांना करवंदं खायला मिळाली आणि सगळे सुखानं राहिले. सगुणाही राहिली. दुपारची तेवढी तिला झोप लागत नसे.

मिटा आता डोळे. काय बोलली म्हणता? सांगते, पण मग कुणी काही विचारायचं नाही. ती म्हणाली, “मामंजी, आईसाहेब, या विहिरीत आता नुसतं पाणीच उरलंय. तेवढं तरी राहू द्या.”