ठाकूरसाहेबांचे खड्डे

वाळवंटाच्या काठावर, उघड्याबोडक्या डोंगरांत एक गोल्फ क्लब होता. देखावा असा की बघत राहावं, आणि दरी अशी की चेंडू गिळून बसावी. तिथे अध्यक्ष ठाकूर मोहबतसिंहांचा दरारा होता. वाळूत फटका मारून पडलेला खड्डा जो स्वतः बुजवणार नाही, त्याचं सभासदत्व रद्द, हा नियम त्यांचाच. बायकांनी फक्त भर दुपारच्या उन्हात खेळायचं, हाही त्यांचाच.

"मला हरवा, मग खुशाल पहाटे खेळा," ते पहाटेची वेळ मागायला आलेल्या सभासद इरावती शेजवलकरला म्हणाले. तिने पदर, नव्हे, टोपी खोचली आणि मैदानात उतरली.

शेवटच्या होलपर्यंत दोघं बरोबरीत होती. तिथे ठाकूरसाहेबांचा चेंडू दरीतल्या वाळूत गेला. ते एकटेच खाली उतरले. बराच वेळ नुसती धूळ उडत होती, मग एकदाचा चेंडू वर आला आणि घरंगळत होलमध्ये पडला.

"एकाच फटक्यात काढला! मी जिंकलो," मिशीला पीळ देत ते जमलेल्या सभासदांना म्हणाले.

इरावतीने दरीत डोकावून पाहिलं आणि वाळू सारखी करायचं दाताळं त्यांच्या हातात ठेवलं.

"फटका एक, म्हणजे तुमचा खड्डाही एकच. तेवढा बुजवा. बाकीचे ज्याने पाडून ठेवलेत, त्याचं सभासदत्व आत्ता सगळ्यांसमोर रद्द करा."

ठाकूरसाहेब पुन्हा खाली उतरले आणि एकूण एक खड्डा बुजवून आले.

"उद्यापासून मी पहाटे येते," इरावती म्हणाली. "दुपार तुम्हाला मोकळी."